दैत्य पेटत आला, असं कोण म्हणालं

घरकामाला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आजवर ज्या ज्या घरी कामाला गेले, तिथे पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट बघायचे: मला चहा कोणत्या कपात मिळतो. वेगळा, कान तुटलेला कप आला की मला उलट बरं वाटायचं. घर कसं आहे ते लगेच कळतं, पुढे धक्का बसत नाही. मुलुंडच्या बाईंनी मला त्यांच्याच सेटमधला कप दिला, त्यांच्याच ट्रेमधून, आणि मी कप हातात धरून बघत बसले. आता यांना माझ्याकडून काय पाहिजे असेल?

बाई म्हणजे खरोखरच्या बाई. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, एकच मुलगा, तो मालाडला. बाईंच्या डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं होतं, कडेकडेचं शिल्लक होतं. त्यामुळे कुणाकडे बघायचं तर त्या मान वळवून तिरक्या नजरेने बघत. नवीन माणसाला वाटावं की बाईंचा आपल्यावर संशय आहे. मला तर तसंच वाटलं. माझं काम म्हणजे त्यांची औषधं, आंघोळ, खाली बागेत फेरी, आणि दुपारी वाचून दाखवणं. मी आठवीत शाळा सोडली. वडील गेले त्या वर्षी सुटली ती सुटलीच. वाचताना अडखळायचे, बाई न रागावता शब्द पुरा करायच्या. आज मी हे लिहिते आहे ते त्या दुपारांमुळे, हे मी विसरत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?"

"बुलडाण्याकडची."

"बुलडाण्यात कुठली?"

"लोणारजवळची."

बाईंची मान वळली. "तळं बघितलंयस?"

मला हसू आलं. "त्या तळ्याच्या उतारावर शेळ्या राखल्यात मी."

त्यानंतर कप आला. हा क्रम माझ्या लक्षात राहिला. आधी लोणार, मग कप.

आमच्याकडचं तळं ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. जमिनीत एक भलंमोठं गोल भगदाड आहे, कडा उभ्या, तळाशी खारं पाणी. शिकलेले लोक म्हणतात की आभाळातून दगड पडून ते झालं. देवळातली गोष्ट वेगळी आहे. तिथे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बिळात राहायचा, वर दगडाचं झाकण लावून. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. झाकण लांब जाऊन पडलं त्याची टेकडी झाली. पाणी म्हणजे दैत्याचं रक्त, मीठ म्हणजे मांस.

बाईंचं म्हणणं असं होतं की जुन्या गोष्टी म्हणजे बातम्या आहेत. कुणीतरी काहीतरी भयंकर बघितलं, ते सांगायला शब्द नव्हते, म्हणून दैत्य आला, मासा आला, सूर्याला गिळणारं डोकं आलं. प्रलय म्हणजे खरा पूर. समुद्र घुसळला म्हणजे खरंच समुद्राला काहीतरी झालं. त्या हे सांगायला लागल्या की त्यांचा आवाज वर्गातला व्हायचा. मी पाय चोळत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, दैत्य म्हटलं तर धूमकेतू, मासा म्हटलं तर पूर, असं सगळंच कसं बसतं? जे सगळीकडे बसतं त्याच्यावर माझा विश्वास नाही. पण मी गप्प राहायचे. चोवीस तासांचं काम, राहायला घर, जेवण वेळेवर. या मुंबईत माझ्यासारखीला एवढं कुठे मिळतं?

"एकच अडतंय," बाई एकदा म्हणाल्या. "लोणारचा दैत्य जमिनीतून निघतो. दगड तर आभाळातून पडला. लोकांनी बघितलं असतं तर दैत्य वरून यायला हवा. तुमच्यात काय सांगतात गं?"

मी साधेपणाने सांगून टाकलं. "आमचे बाबा सांगायचे, तो पेटत आला."

बाई उठून बसल्या.

बाबा रात्री आम्हा भावंडांना ही गोष्ट सांगायचे. दैत्य आभाळातून निघाला म्हणताना काडी पेटवायचे, हात उंच करून हळूहळू खाली आणायचे आणि काडी पाण्याच्या बादलीत टाकायचे. चुर्र व्हायचं. आम्ही रोज दचकायचो. खरं तर बाबा दैत्याच्या बाजूचे होते. म्हणायचे, मीठ त्याचं होतं, ते पाहिजे होतं दुसऱ्यांना, म्हणून त्याला दैत्य ठरवलं. आमच्या बौद्धवाड्यात ही बाजू सगळ्यांना पटायची. तेही मी बाईंना सांगितलं. त्यांनी "हं" केलं आणि विचारलं, "पण आधी उजेड, मग आवाज. असंच ना?"

"काडी आधी पेटायची, मग चुर्र व्हायचं."

"म्हणजे आधी उजेड."

त्या दिवसापासून रोज एक नवा प्रश्न. शेपूट होतं का? वास आला का? गुरं पळाली का? मला जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं, पण कधीकधी बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून "असेल" म्हणायचे. माझं "असेल" त्यांच्या तोंडून दुसऱ्या दिवशी "होतं" होऊन यायचं. हे बघून मला भीती वाटायला लागली.

घाटकोपरला मी आधी मावसबहिणीकडे राहायचे, डोंगरावरच्या वस्तीत. एकदा गल्लीच्या तोंडाचा विजेचा डबा फुटला. मी तिथेच होते, रॉकेल आणायला निघालेली. ठिणग्या उडाल्या, धूर झाला, एका माणसाची लुंगी जळली, बस. काही महिन्यांनी नळावर एक बाई मलाच सांगत होती की ज्वाळा समोरच्या टॉवरएवढ्या गेल्या आणि माणूस जागेवर कोळसा झाला. मी म्हटलं नाही की लुंगीच होती. थोडं मलाही वाटायला लागलं होतं की कोळसा झाला असेल. पण हेही खरं की डबा फुटला होता. नळावरच्या बाईने तो काही मनाने फोडला नव्हता. म्हणून बाईंचं म्हणणं मी पूर्ण झटकूही शकत नव्हते. कुठेतरी काहीतरी फुटलेलं असणारच. फक्त कोणता भाग डब्याचा आणि कोणता नळावरचा, हे कोण सांगणार?

बाईंचा मुलगा रविवारी यायचा. चांगला माणूस, आईचे पाय दाबायचा, पण माझ्याकडे बघताना हिशेब करतोय असं वाटायचं.

"आई, हजारो वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं गं? मला परवा डब्यात काय होतं ते आठवत नाही."

"तुला पाढेही आठवायचे नाहीत," बाई म्हणाल्या.

जाताना त्याने मला लिफ्टपाशी गाठलं. "ताई, एक विचारू? हे पेटत्या दैत्याचं तुम्ही खरंच लहानपणी ऐकलंय, की आईला आवडतं म्हणून?"

"ऐकलंय दादा."

"ठीक. पण ती आता हे चार लोकांत बोलणार आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात. ते सगळं झालं आणि तुम्ही आईला बनवत होता असं मला कळलं ना, तर मी ब्यूरोला फोन करणार. राग मानू नका."

राग कसला मानायचा. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ब्यूरोला एक फोन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बदली बाई दारात उभी असते. आणि मी परत डोंगरावर, मावसबहिणीच्या दारात, तिच्या नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजत.

बाईंनी भाषण सांगितलं, मी लिहून घेतलं. सगळं त्या एका परिच्छेदावर उभं होतं: "लोणार परिसरातील एका कुटुंबात पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही कथा देवळाच्या कथेपेक्षा वेगळी आहे. येथे दैत्य आभाळातून जळत येतो. ही हजारो वर्षांची लोकस्मृती होय." 'पिढ्यानपिढ्या' लिहिताना माझा हात थांबला. असं मी कधी म्हटलं नव्हतं. मी फक्त बाबांचं नाव घेतलं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी बाई झोपल्या होत्या. मी गच्चीत जाऊन आईला फोन केला.

"काहून वं, या टायमाले फोन? बरं हाय ना?"

"बरं आहे. आई, ती दैत्याची गोष्ट बाबांना कुणी सांगितली होती? आजीने?"

"कोणती?"

"पेटत आला ती. काडी टाकायचे बघ बादलीत."

आई हसली. "तुह्या आजीले गोष्टी सांगाले टाइम कुठं होता वं. ते भोकं पाडनारे सायेब नव्हते का आले तळ्यावर, मशीन घेऊन? तुहा जनम नव्हता तवा. तुहा बाप त्याईच्या हाताखाली होता, पाणी भरे, दगडाच्या पेट्या उचले. त्याईच्या जीपच्या डायवरनं सांगतलं त्याले, का वरून गोटा पडला पेटत अन् हे भगदाड झालं. घरी आला तं तेच. म्हने, दैत्य नव्हता वं, गोटा होता."

"मग आम्हाला दैत्य का सांगितला?"

"गोट्याच्या गोष्टीनं लेकरं झोपतेत का?"

मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. तळ्याचा अभ्यास करायला आलेल्या साहेबाने ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरने बाबांना, बाबांनी आम्हाला झोपवायला त्यात दैत्य घातला, मी तो बाईंना दिला, आणि बाई उद्या तो लोकांना देणार होत्या, हजारो वर्षांचा म्हणून. शिकलेल्यांचीच गोष्ट फिरून शिकलेल्यांकडे पोचली होती. वाटेत फक्त म्हातारी झाली होती.

आईचाही संशय आला मला. तिला नीट आठवत असेल का? की बाबांना आधीच ठाऊक होतं आणि ड्रायव्हरने फक्त दुजोरा दिला? पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाली की फोनचं बिल येतं का नाही तुले.

गप्प बसावं असं वाटलं. कोण जाणार होतं लोणारला शहानिशा करायला? पण उद्या कुणी उठून विचारलं, कोणत्या पिढीपासून, तर बाई माझ्याकडेच बघणार होत्या, सगळ्यांसमोर, तिरक्या. आणि खरं सांगायचं तर ज्या बाईने मला जोडाक्षरं वाचायला शिकवली, तिच्या तोंडून माझ्यामुळे खोटं जावं हे मला सहन होणारं नव्हतं. घर गेलं तरी.

चहाच्या वेळी सांगितलं. सगळं, ड्रायव्हरसकट.

बाईंनी कप ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "हे तुला कुणी सांगायला सांगितलं?"

"आईने—"

"मालाडहून फोन आला होता का तुला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बाईंना वाटत होतं की त्यांच्या मुलाने मला फितवलं. मी त्याच्या फोनला घाबरत होते, आणि बाई मला त्याचं माणूस समजत होत्या.

"लाव आईला फोन," बाई म्हणाल्या. "स्पीकरवर."

आई एरवी फोन उचलून जय भीम म्हणते. बाईंचा आवाज ऐकून म्हणाली, "नमस्कार बाई. पोरीचं काई चुकलं का?" तिथेच मी ओळखायला पाहिजे होतं.

"नाही हो, चुकलं काही नाही. ती पेटत्या दैत्याची गोष्ट विचारायची होती. जुनी आहे ना ती तुमच्याकडे?"

"हाव बाई. जुनी हाय."

"म्हणजे तुमच्या सासूबाई वगैरे सांगायच्या?"

"हाव ना. सांगे."

"आई, मघाशी तू काय—" मी मध्ये बोलायला गेले. बाईंनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना. जिंकल्या होत्या त्या. माझी आई, चारशे-पाचशे किलोमीटरवर बसलेली, माझं काम वाचवायला मला खोटं पाडत होती, आणि मी तिला थांबवू शकत नव्हते.

मग बाईंची मान थोडी कलली. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि तो पांढरा हत्ती? दैत्याबरोबर पडला तो?"

मी बाईंकडे बघत राहिले. कसला हत्ती?

"हाव बाई," आई म्हणाली. "हत्ती बी पडला."

"मेला का हो?"

"मेला असंल बाई. इतक्या वरून पडला तं."

"बरं. मुलगी छान काम करते तुमची. काळजी करू नका." बाईंनी मला फोन बंद करायची खूण केली.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. "आयुष्यभर पालकसभा घेतल्या मी. मुलगा घरी अभ्यास करतो ना? हो बाई. वेळेवर झोपतो ना? हो बाई. एकूण एक मुलं अभ्यास करायची." त्यांना हसू येत होतं, पण ते पूर्ण आलं नाही. "माझं म्हणणं खरं आहे असं मला इतकं वाटत होतं, की मी प्रश्नच असा विचारला. तुलाही असेच विचारले असणार."

मी भाषणाचा कागद काढला.

"तो परिच्छेद वाच." वाचला. "खोड." खोडला. "आता लिही. या दैत्याबद्दल मला एक जुनी गोष्ट कळली होती. ती नवी निघाली." पुढे त्यांनी साहेब, ड्रायव्हर, बाबा आणि बादली हे सगळं सांगितलं, कुणाचं नाव न घेता. हत्ती मात्र घातला नाही. म्हणाल्या, "तुझ्या आईवर लोक हसतील. ते नको."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये मी ते वाचलं. बाई शेजारी बसल्या होत्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा, कानात मशीन लावलेले, शेवटी म्हणाले, "म्हणजे आग पडलीच नाही?"

"पडली," बाई म्हणाल्या. "ते दगडावरून कळतं. माणसांनी बघितली का, ते आपल्याला माहीत नाही."

"बघितलीच असणार हो. एवढी मोठी आग."

"असेल. पण हिच्या वडिलांकडून ते सिद्ध होत नाही."

"मग एवढा वेळ आम्ही काय ऐकलं?"

हॉल हसला. बाईही हसल्या, पण मी बघितलं की त्यांनी हातातला रुमाल घट्ट आवळला होता. कितीतरी वर्षं त्या हे घेऊन बसल्या होत्या, आणि लोक बटाटेवड्याकडे बघत होते.

मुलगा मागच्या रांगेत होता. नंतर माझ्यापाशी आला. "म्हणजे खोटं आहे हे तुम्हीच आईला सांगितलंत?"

"खोटं नाही दादा. नवीन आहे."

"मला वाटलं होतं तुम्ही…" त्याने वाक्य तिथेच सोडलं. त्याच्याबद्दल मला काय काय वाटलं होतं, तेही मी सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस मला चैन नव्हतं. बाई पहिल्यासारख्याच वागत होत्या, आणि तेच मला खटकत होतं. लोणारची म्हणून मला ठेवलं असेल तर आता लोणार संपलं. वाचून दाखवायला कुणीही मिळेल, अडखळत नाही अशी. बाई दुपारी आता तळ्याबद्दल काही विचारत नव्हत्या. दुसरंच काहीतरी वाचायला देत. दार वाजलं की मला बदली बाईच दिसायची.

एका सकाळी मी भाजी निवडत असताना ब्यूरोच्या मॅडमचा फोन आला. "काय गं, काय केलंस? तुझ्या बाईंचा मला फोन आला होता."

माझ्या हातातली मेथी खाली पडली.

"विचारत होत्या, तुला गावाला जायला सुट्टी कधी मिळेल. मी म्हटलं, बदली पाठवते. तर म्हणे नको, मीही जाणार आहे तिच्याबरोबर. या वयात, डोळे असे. तू काही डोक्यात भरवलंस का त्यांच्या?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

आत जाऊन बाईंना विचारलं. त्या रेडिओचं बटण चाचपत होत्या. "तळं बघायला जायचंय?" मी म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांनी ऐकलं असावं.

"तळं मला काय दिसणार गं. कडा दिसतील फार तर." त्यांनी रेडिओ सोडला. "मला तुझ्या आईसमोर बसायचंय, ही गोष्ट कुठून आली ते विचारायला. फोनवर माणूस हो म्हणतं. समोर बसून विचारलं की हो म्हणताना चेहरा काहीतरी सांगतो."

"पण तुम्हाला चेहरा कुठे दिसतो?"

"तू बघशील ना. आणि मला सांगशील."

मी मान हलवली. मग आठवलं की त्यांना ती दिसली नसेल, म्हणून "हो" म्हटलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, कडेने, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

आईला मी हे अजून कळवलेलं नाही. आधी कळवलं तर ती काय बोलायचं ते ठरवून ठेवेल.